वेचे आणि वेचक

पानावर शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, आणि टीपला संताप आला तो त्याचाच. चार चुका असत्या तर कुणीतरी डुलक्या घेत टंकलं असेल म्हणून सोडून देता आलं असतं. पण पान दोनशे बारा घासूनपुसून लख्ख केलेलं होतं. मधोमध नोंद होती :

'वेचे (अ.व.) : या शहराच्या रहिवाशांना वेचे म्हणतात. मूळ शब्द वेचक, म्हणजे निवडक. शहर वसवताना गुण पारखून चाळीस कुळे वेचून आणली गेली; त्यांचे वंशज ते वेचे. सांडलेले धान्य वेचणाऱ्यांवरून हे नाव पडले, अशी एक आख्यायिकाही सांगतात.'

आणि मुखपृष्ठावर ठसठशीत अक्षरांत तिच्या वडिलांचं नाव.

तिने नोंद तीनदा वाचली. तिसऱ्या वेळी ती 'आख्यायिकाही'मधल्या 'ही'पाशी थांबली. चाळीस कुळं छातीठोकपणे आलेली, आणि धान्य वेचणारी माणसं दाराबाहेर उभी करून आत ढकललेला हा एक 'ही'. तिने प्रुफांचा गठ्ठा छातीशी धरला आणि छापखान्याचा जिना चढली.

वडील जाऊन सहा आठवडे झाले होते. या सहा आठवड्यांत ती रडली नव्हती. लोकांना नवल वाटत होतं, तिला नव्हतं. लहानपणी वडील टेबलाशी लिहीत बसले की ती त्यांच्या पायांशी बसायची, म्हणून त्यांनी तिचं नाव पाडलं होतं तळटीप. पुढे तळ गळाला आणि टीप राहिली. "आमची टीप टिपं गाळत नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. असं एकदा कौतुक झालं की सुटका नसते. माणूस गुडघा फुटला तरी दात आवळून उभा राहतो आणि चाळिशी उलटली तरी ती सवय जात नाही.

वडील मुद्रितशोधक होते. याच छापखान्यात छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या वेलांट्या आणि अनुस्वार सुधारले. सुट्टीच्या दिवशी मात्र ते स्वतःच्या कामाला बाहेर पडत. कुठल्या गावच्या माणसांना काय म्हणतात आणि का म्हणतात, हे ते गोळा करून कार्डांवर टिपत होते. गावाचं नाव काय, हे कुणीही सांगतं. गावातल्या माणसांना शेजारचे काय म्हणतात, हे विचारायला पायपीट करावी लागते, आणि चुकीच्या माणसाला विचारलं तर मार बसतो. वडिलांना तो एकदा बसलाही होता. नदीच्या वरच्या अंगाला एक गाव होतं, तिथले लोक 'पुरे', कारण पाहुण्याचा पेला अर्धा भरला की पाहुण्याच्या आधी तेच पुरे म्हणत. दगडखाणीखालच्या गावातले 'खोकले'. समोरासमोरच्या दोन काठांवरची दोन गावं एकमेकांना 'पलीकडचे' म्हणत; वडिलांनी ती दोन्ही कार्डं एका खोक्यात शेजारीशेजारी ठेवली होती आणि म्हटलं होतं, "आता भांडा."

सव्वीस वर्षांत तीन हजारांवर कार्डं झाली. प्रत्येकावर चार ओळी. शब्द कोणता. कोण म्हणतं. कोणाला म्हणतं. कोणाकडून ऐकलं. चौथी ओळ रिकामी असेल तर कार्ड खोक्यात जात नसे, मग गोष्ट कितीही गोड असो. 'न्हावी, वय साठ, दुकानात.' 'होडीवाला, वय अंदाजे पन्नास, रागात असताना.' ही कार्डं अक्षरांप्रमाणे लावायचं काम टीपचं होतं, त्यामुळे कित्येक तिला तोंडपाठ होती. 'वेचे'चं तर होतंच. त्या कार्डाच्या चौथ्या ओळीत एकच अक्षर होतं आणि त्यापुढे टिंब. 'आ.'

*

संपादकाची खोली वरच्या मजल्यावर होती. खाली यंत्र सुरू झालं की तिथली काच थरथरायची. संपादक म्हणजे वडिलांचा पट्टशिष्य. विशीत तो घरी प्रुफं वाचायला शिकायला येई, आणि निघताना हमखास जेवून जाई. टीप त्याला दादा म्हणायची आणि दोघं एकमेकांना अरेतुरे करायची. आता शहराला दोनशे वर्षं होत होती, त्यासाठी एक समिती नेमली होती, आणि समितीची सगळी पुस्तकं त्याच्या हातून निघत होती. वडिलांचा कोश त्यातलाच एक.

"ये गं टीप, बस. चहा सांगतो."

"चहा नको. पान दोनशे बारावर काय छापलंय तुम्ही?"

संपादकाने मान वर केली. "आज एकदम तुम्ही?"

"पान दोनशे बारा."

त्याने पान काढलं, नजर फिरवली, आणि काहीच न सापडल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला. "काय चुकलंय?"

"आख्यायिका कुठून आणली?"

"सरांच्या कार्डावरून. चौथ्या ओळीत 'आ.' आहे. आ. म्हणजे आख्यायिका."

"आ. म्हणजे आई."

"कुणाची आई?"

"बाबांची. माझी आजी. ती नदीच्या धक्क्यावर सांडलेलं धान्य वेचायची. तिच्या तोंडून त्यांनी ऐकलं होतं."

संपादकाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग शांतपणे पुस्तकाच्या सुरुवातीची संक्षेपांची यादी तिच्यापुढे सरकवली. एकसष्ट संक्षेप होते, सगळे वडिलांच्या हातचे. अनु., अप., अ.व., इ., उप. 'आ.' नव्हतं.

"तीन हजार कार्डांत सरांनी प्रत्येक माणूस नीट लिहिलाय," तो म्हणाला. "चांभार असो, सुईण असो, धंदा आणि वय. आणि आईला तेवढं एक अक्षर? मला कसं कळावं, टीप?"

"विचारायचं होतं. माणूस जिवंत होता."

"विचारलं ना!"

त्याने कपाटातून जुनी प्रुफं काढली. दोन महिन्यांपूर्वी तो ती घेऊन इस्पितळात गेला होता. पानापानाच्या कडेला वडिलांची निळी पेन्सिल फिरलेली होती. अक्षर थोडं थरथरलेलं, पण खुणा नेमक्या. पान दोनशे बारा त्याने तिच्यासमोर ठेवलं. नोंद तीच होती, चाळीस कुळांसकट. फक्त छापखान्यात मजकूर टंकणाऱ्या जुळारणीने तेव्हा 'आख्यायीका' अशी दीर्घ वेलांटी दिली होती. वडिलांनी 'यी'ला गोल करून बाहेर ऱ्हस्व 'यि' लिहिला होता. आणि पानाच्या तळाशी बरोबरची खूण करून आद्याक्षरं घातली होती.

टीप त्या निळ्या वेलांटीकडे बघत राहिली. नजरचूक म्हणायलाही जागा नव्हती. ज्या शब्दाने त्यांच्या आईला पुसून टाकलं, त्याच शब्दाची वेलांटी त्यांनी सुधारली होती.

"भटके म्हणजे भटकणारे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच कोरडा वाटला. "तसे वेचे म्हणजे वेचणारे. वेचून आणलेले असते तर शब्द वेगळा झाला असता. हे बाबांनीच तुम्हाला आमच्या टेबलाशी शिकवलंय."

"शिकवलंय. पण कुळं समितीने घातलीयेत, आणि तिथे व्याकरण कोण विचारतं? स्थानकाबाहेर कमान उभी राहिलीये. 'वेचकांचे शहर'. अक्षरं चढलीसुद्धा." तो पुढे वाकला. "हे बघ. शनिवारी प्रकाशन आहे. वारस म्हणून तुझी सही लागते, ती उद्या दुपारपर्यंत हवी. सही नाही झाली तर समिती दुसरं काहीतरी छापेल आणि ही खोकी पुन्हा माळ्यावर जातील. दुसरा कुणी हा कोश छापायचा नाही. सव्वीस वर्षं, टीप. एका नोंदीसाठी?"

"त्यांच्या नावाने खोटं जाणार नाही."

"त्यांनी स्वतः बरोबर म्हटलंय त्याला!" संपादकाने खुणेवर बोट आपटलं. मग आवाज खाली आणला. "बरं, सरांचाच नियम लावू. चौथी ओळ. तू आजीच्या तोंडून ऐकलंयस?"

आजी तिच्या जन्माआधीच गेली होती. सातव्या वर्षी कार्डं लावताना तिने विचारलं होतं, बाबा, आ. म्हणजे काय? "आई," ते म्हणाले होते, "पुढचं कार्ड दे." एवढीच तिची पुंजी.

"ऐकलेलं माणूस आण," संपादक म्हणाला. "नाहीतर सही कर."

*

रस्त्यावर आल्यावर पहिली दहा मिनिटं ती संपादकावर चिडलेली होती. पुलापर्यंत येता येता तो राग पातळ झाला. बिचाऱ्याने विचारलं होतं. इस्पितळात, खाटेशेजारी बसून, पान पुढे धरून विचारलं होतं. मग राहिलं कोण?

जिवंत माणसावर चिडलं की दार आपटता येतं, दोन दिवस अबोला धरता येतो, मग कुणीतरी मधे पडतं. गेलेल्या माणसावर चिडलं की सगळे म्हणतात, असं बोलू नये. पुलावर एका फळवाल्याची हातगाडी आडवी होती. ती एरवी वळसा घालून गेली असती. आज ती गाडीपुढे उभी राहिली आणि "सरका" एवढंच अशा सुरात म्हणाली की फळवाला गाडीसकट सरकला.

आत्या टायरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर राहायची. वडिलांपेक्षा ती पाच वर्षांनी मोठी. डोळे अधू झाले तरी खालच्या शिंप्याची काजं तीच करत होती.

"आलीस? ही सुई ओव आधी. सकाळपासून भोक सापडत नाहीये मेलीचं."

टीपने सुई ओवली. "आत्या, वेचे म्हणजे काय?"

आत्याचा हात थांबला. "कुणी म्हटलं तुला?"

"कुणी नाही. बाबांच्या पुस्तकात आहे."

"त्यानं घातलं पुस्तकात?" आत्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते टीपने यापूर्वी पाहिलं नव्हतं. जणू कुणी खूप वर्षांनी दार वाजवलं होतं. "आईचं लिहिलं त्यानं?"

"नाही लिहिलं. त्याचंच विचारायला आलेय. तू ऐकलंयस ना तिच्याकडून? तू सांगितलंस तर छापता येईल."

दार बंद झालं. आत्याने कापड पुढे ओढलं. "मला नको ओढूस त्यात. माझ्या सुनेला वाटतं आमची आई धान्याच्या कोठारात कारकून होती."

"असं कुणी सांगितलं तिला?"

"तुझ्या बापानं. दुसऱ्या कुणाला सुचणार? माझ्या पोराच्या लग्नात, भर पंगतीत. 'आमची आई कोठारात होती हो.' मी ऐकलं आणि गप्प बसले. आता चाळीस वर्षांनी कुठे तोंड उघडू?"

"खोटं नाही बोलले ते," टीप कडवटपणे म्हणाली. "कोठाराच्या बाहेर होती, एवढंच गाळलं."

"गाळायची त्याला सवयच." आत्याने दोन टाके घातले. मग राहवलं नाही. "नऊ वर्षांचा होता. शाळेत फॉर्म भरायचा होता. आईचा उद्योग काय? आईला वाचता येत नव्हतं, म्हणून हाच भरत होता. तिनं विचारलं, काय लिहिलंस? हा म्हणाला, धान्य निवडणे. आई इतकी हसली! म्हणाली, 'अरे बाळा, निवडायला धान्य आपलं असावं लागतं. घरात बसून, सूप मांडीवर घेऊन निवडतात. आम्ही वाकून वेचतो.' त्यानं काही खोडलं नाही. तसाच नेऊन दिला फॉर्म."

निवडक. वेचक म्हणजे निवडक. समितीला जे आज सुचलं होतं ते नऊ वर्षांच्या पोराला कधीच सुचलेलं होतं.

तिने पिशवीतून पान काढलं. "हे छापतायत. ऐक." आणि तिने नोंद वाचली, एकेक शब्द सुटा करून. चाळीस कुळांपाशी आत्याने सुई कापडात खुपसली.

"चाळीस काय?"

"कुळं. गुण पारखून आणलेली."

"चाळीस बिल्ले होते ते!" आत्या ताडकन उठली आणि गुडघ्याने दगा दिला म्हणून तितक्याच ताडकन बसली. "पितळेचे चाळीस बिल्ले! पाच वाजता भोंगा व्हायचा. पोती उतरून झालेली असायची. रखवालदार फाटक अर्धं उघडायचा, चाळीस जणींना बिल्ले द्यायचा. एक्केचाळिसावी परत जायची, मग ती पोटुशी असू दे नाहीतर तिच्या कडेवर तान्हं असू दे. आणि ओरडायचा, 'वेचा!' अर्धा तास. हातात कुंचा, ओच्यात दाणे. फरशांच्या भेगांत जायचे ना दाणे, ते नखानं काढायचे. पुन्हा भोंगा झाला की बिल्ला परत. कुळं म्हणे! गुण पारखून! आमचा गुण एकच पारखला, वाकता येतं की नाही."

"आमचा?"

"मग? बारा वर्षांची असल्यापासून मी जात होते. तुझा बापही यायचा कुंचा घेऊन, शाळेत घालेपर्यंत." आत्याचा श्वास चढला होता. "पलीकडच्या काठावरचे होडीवाले बघत बसायचे आणि फाटक उघडलं की कोकलायचे, 'वेचे सुटले! वेचे सुटले!' शिवी आमची होती, पण चिकटली अख्ख्या शहराला. बाहेरच्याला काय ठाऊक, कोण वेचतं आणि कोण विकतं? कोठारवाल्याची पोरं बाहेरगावी गेली की त्यांनाही वेचेच म्हणायचे. आई म्हणायची, आपल्या अंगाला लागलेलं तेवढं एकच त्यांच्या अंगाला लागलं."

टीपला हसू आलं आणि त्याच क्षणी डोक्यात तिडीक गेली. ही एवढी गोष्ट. सव्वीस वर्षं वडील दुसऱ्यांच्या ओसरीवर, दुकानात, होडीत बसून असलं एखादं वाक्य मिळावं म्हणून तासन्‌तास वाट बघत होते. आणि ही बाई पुलापलीकडे, तिसऱ्या मजल्यावर काजं करत बसलेली.

"आत्या, बाबांनी तुला कधी विचारलं नाही हे?"

"कधीच नाही." आत्याने डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "दर गावात जाऊन विचारत फिरला, तुम्हाला काय म्हणून हिणवतात हो? जगाची उणीदुणी काढली. आणि आपलं दार आलं तेव्हा टिंब!"

खाली टायर ठोकल्याचा आवाज येत होता.

"कोरं कार्ड आहे का तुझ्याकडे?" आत्या म्हणाली.

"आणि सूनबाई?"

"तिला मी सांगेन. आजच सांगते. आईला कारकून केली त्या दिवशी मी जेवण अर्धं टाकून उठायला हवं होतं. लिही. धंदा लिही वेची. काजंबिजं नको लिहूस, ती नंतरची. वय एक्याऐंशी."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी टीप छापखान्यात आली तेव्हा संपादक खाली जुळारणीच्या यंत्राशीच उभा होता. शिशाचे खिळे जाऊन जमाना झाला, जुळारीण आता पडद्यासमोर बसून कळा दाबते, पण छापखान्यात तिला सगळे जुळारीणच म्हणतात.

टीपने कार्ड पुढे केलं. संपादकाने वाचलं. बिल्ल्यांपाशी त्याच्या भुवया वर गेल्या. शेवटी तो वडिलांचाच शिष्य होता.

"हे तुझं अक्षर आहे," तो म्हणाला.

टीपने फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. पलीकडून आलेला आवाज जुळारणीलाही स्पष्ट ऐकू येत होता.

"कोण, पट्टशिष्य का? हो, मीच सांगितलं. शब्दन्‌शब्द. काय रे, आमच्या घरी जेवायचास तेव्हा ताटातलं धान्य कुठल्या कुळाचं ते विचारलं होतंस का? ... वय एक्याऐंशी, कान शाबूत आहेत, ओरडू नकोस. ... भाऊ काय म्हणाला ते मला नको सांगूस. त्याला मी चांगली ओळखत होते. ... हां. आणि वेची लिही. ची दीर्घ."

संपादकाने फोन परत दिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "बरं. 'अन्य मत' म्हणून शेवटी घालू. दोन ओळी."

"अन्य मत चाळीस कुळांचं. त्याला चौथी ओळ आहे? कुणाकडून ऐकलंत?"

त्याने कार्ड उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

"मग ते जाईल."

"समिती माझं डोकं खाईल, टीप! त्या कमानीचं काय करू? उतरवू?"

"कशाला? वेचक म्हणजे तरी कोण? वेचणाराच. कचरावेचक कुणाला म्हणतात? कमान अगदी बरोबर आहे. तिला हात लावू नका."

जुळारीण फिस्सकन हसली आणि खोकल्याचं सोंग केलं. संपादकाचा मात्र तोल गेला. "मग माझं नावच काढून टाका संपादक म्हणून! करा काय करायचं ते!"

टीपने मुखपृष्ठाचं प्रूफ ओढलं, त्याच्या नावावरून आडवी रेघ मारली आणि कडेला गाळण्याची खूण केली.

"खरंच काढलंस?"

"तुम्हीच म्हणालात."

"रागात म्हणालो!"

"मीही रागात आहे."

तो स्टुलावर बसला, आणि दहा वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा म्हणाला, "राहू दे माझं नाव. आणि घाल तुझी नोंद."

टीपने त्याच्या नावाखाली टिंबं दिली आणि कडेला लिहिलं, 'राहू द्या.' मग ती सांगत गेली आणि जुळारीण टंकत गेली :

'वेचे (अ.व.; स्त्री. वेची) : या शहराचे रहिवासी. धक्क्यावर सांडलेले धान्य वेचणाऱ्यांना पलीकडच्या काठावरचे होडीवाले असे म्हणत. पुढे साऱ्या शहराला. भटके म्हणजे भटकणारे, तसे वेचे म्हणजे वेचणारे. चाळीस ही संख्या फाटकावर मिळणाऱ्या बिल्ल्यांची. कोणाकडून ऐकले : धान्य वेचणारी, संकलकाची आई. तसेच तिची मुलगी, वेची, वय एक्याऐंशी, काजे करताना, रागात.'

"आता सही?" संपादकाने कागद पुढे केला.

"थांबा." तिने जुनं पान दोनशे बारा मागून घेतलं, तेच, निळ्या पेन्सिलीचं. वडिलांच्या बरोबरच्या खुणेवर तिने लाल शाईने काट मारली आणि शेजारी स्वतःची आद्याक्षरं घातली. लहानपणापासून ती त्यांची लिहिलेली कार्डं लावत आली होती; त्यांच्यावर पेन चालवायची ही पहिली वेळ. काट जरा जोरात बसली आणि कागद फाटला. तिला वाटलं होतं, हे केलं की बरं वाटेल. बरं वाटलं नाही. इस्पितळात रोज संध्याकाळी ती त्यांना पेपर वाचून दाखवत होती. एका संध्याकाळी तरी त्यांनी सांगायचं होतं.

तिने जुन्या प्रुफांचा सगळा गठ्ठा पुढ्यात ओढला. चारशे अठरा पानं. प्रत्येक पानाच्या तळाशी तीच निळी खूण. काल सकाळपर्यंत त्या खुणेखाली डोळे मिटून सही केली असती तिने.

"आता आणखी काय?" संपादक म्हणाला.

"वाचते."

"सगळं? टीप, शनिवारी प्रकाशन आहे."

"वाचून झालं की सही करते."

"पण सरांनी वाचलंय ते! ओळन्‌ओळ!"

"माहितीये," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून पहिल्या पानावर वाकली.